शहरांतील मुलांची सृष्टीशीं ओळख

बीड शहरांतील दहाबारा वर्षांच्या शाळकरी मुलाला जगांतील लांब नद्या कोणत्या, असें विचारलें तर तें चटकन् दोनचार नांवें सांगतें. परंतु ज्या पुलावरून तें रोज शाळेस जातें, त्या पुलाखालची बिंदुसरा कोठें उगम पावते व पुढें कोणत्या नदीस मिळते, असें विचारलें तर बहुधा तें गप्प बसतें. पुष्कळदां तें तिला नदी असें म्हणतहि नाहीं, नाला म्हणतें. यांत मुलाचा दोष नाहीं. दूरच्या नद्यांचीं नांवें त्याला पुस्तकानें शिकविलीं. बिंदुसरेची ओळख मात्र कोणीं करून दिलीच नाहीं.

हा प्रश्न केवळ सामान्य ज्ञानाचा नव्हे. बीड जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें साडेसहाशें ते सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बेभरंवशाचा. एखाद्या वर्षीं टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागते. तर १९८९ च्या जुलै महिन्यांत याच बिंदुसरेला असा पूर आला कीं, शहरांतील काठच्या वस्त्यांत माणसें प्राणास मुकलीं. अशा गांवांत पाणी, माती व झाडें यांची जाण ही शोभेची वस्तु नसून जगण्याचें साधन आहे. आज जीं मुलें पुलावरून जातात, तींच पुढें नगरपालिकेंत बसणार, घरें बांधणार, विहिरी राखणार किंवा बुजविणार. जें त्यांनीं कधीं ओळखलेंच नाहीं, तें राखण्याची बुद्धि त्यांना कोठून व्हावी?

सुशिक्षित घरांतून याला उत्तर म्हणून बहुधा सहल काढली जाते. सौताड्याचा धबधबा, कपिलधार, पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य, हीं ठिकाणें खरोखरच पाहण्यासारखीं आहेत आणि मुलांना तेथें अवश्य न्यावें. पण वर्षांतून एकदां घडणाऱ्या सहलीमुळें मुलाच्या मनांत एक गैरसमज मात्र पक्का होतो. निसर्ग म्हणजे मोटारींत बसून जाण्याचें ठिकाण. घरीं परतलें कीं तो संपला, असें त्याला वाटूं लागतें. वास्तविक तो संपत नाहीं. जुन्या भिंतीच्या भेगेंतून पिंपळ उगवतो. रस्त्याच्या कडेला कडुनिंब उभा असतो. विजेच्या तारेवर कोतवाल बसतो. कुंडींतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडीं घालतें. कंकालेश्वराचें पुरातन देऊळ तर तळ्याच्या मधोमध उभें आहे. सृष्टि दाराशीं आलेलीच असते. तिला आंत घेण्याची रीत तेवढी पाहिजे.

ही रीत कोणती? नुसतें दाखविणें पुरत नाहीं. 'हें कडुनिंबाचें झाड,' असें मुलाला सांगितलें तर तें मान हालवितें आणि पुढें चालूं लागतें. त्याच मुलाला कडुनिंबाचा एक डहाळा कागदावर हुबेहूब काढावयास सांगितला कीं निराळाच प्रकार होतो. पानें समोरासमोर आहेत कीं मागेंपुढें, हें त्याला पाहावें लागतें. कडा करवतीसारखी दातेरी असल्याचें ध्यानांत येतें. मग एक चमत्कार दिसतो: देठापाशीं पानाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहींत, एक भरदार तर दुसरी आखूड आहे. हें कोणीं सांगितलेलें नसतें. पेन्सिल अडखळली म्हणून तें कळतें. हाताला काम मिळालें म्हणजे डोळ्याला पाहण्याचें कारण मिळतें. या साऱ्या विषयाचें मर्म एवढेंच आहे.

महाराष्ट्राला हें मर्म नवीन नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. मॉन्टेसोरी पद्धतीचें साहित्य महाग. तें खेड्यांतील बालवाडीला परवडणारें नव्हतें. तेव्हां या दोघींनीं शिंपले, बिया, खडे, पानें व फुलें हींच मुलांच्या हातीं दिलीं. मोजणें, रंग ओळखणें, लहानमोठें लावणें, हें सर्व त्यांवर शिकतां आलें. जें साहित्य तेथें गरज म्हणून वापरलें गेलें, तेंच शहरांतील मुलाला आज अधिक आवश्यक झालें आहे. कारण त्याच्या हातीं खेळणीं पुष्कळ असलीं, तरी सृष्टीचा स्पर्श त्यांत थोडा असतो.

आतां वर्षाच्या क्रमानें कांहीं उद्योग पाहूं जातां आरंभ चैत्रापासून करणें बरें. पाडव्याला कडुनिंबाचा पाला घरांत येतोच. त्या दिवशीं प्रत्येक मुलानें घराजवळचें एक झाड आपलें म्हणून निवडावें. सालीवर पातळ कागद धरून त्यावर रंगीत खडू आडवा घासला म्हणजे सालीची नक्षी उमटते. बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि तीच दोरी गांठ मारून जपून ठेवावी. पुढल्या पाडव्याला ती पुन्हां लावून पाहावी. महिन्यांतून एकदां त्या झाडाचें चित्र काढावें. कडुनिंब निवडला असेल तर आधीं तांबूस कोंवळी पालवी, मग पांढरा सुवासिक मोहोर, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं पिवळ्या निंबोळ्या, असे पालट मूल आपल्या वहींत नोंदवितें. बारा चित्रें झालीं कीं तें झाड 'कुठलें तरी एक' राहत नाहीं. त्याची फांदी तोडली गेली तर घरांत पहिली तक्रार हें मूलच करतें.

मृगाच्या सुमारास पाऊस मोजण्याचा उद्योग हातीं घ्यावा. सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा गच्चीवर, झाड किंवा भिंत यांच्या आडोशापासून दूर ठेवावा. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळीं साडेआठ वाजतां होते. मुलानेंहि तीच वेळ धरावी. डब्यांतील पाण्याची खोली पट्टीनें मोजली कीं तोच त्या दिवसाचा पाऊस. मग एका लांब कागदाच्या पट्टीवर दर दिवसाला एक रकाना पाडून जितके मिलिमीटर पाऊस तितका निळा रंग भरावा. कोरडे रकाने पांढरेच राहूं द्यावे. आश्विनापर्यंत ती पट्टी भिंतीवर लांबत जाते, आणि आषाढांत सलग पांढरे पडलेले दहाबारा रकाने पाहून 'पावसानें ओढ दिली' या शब्दांचा अर्थ मुलाला कोणी सांगावा लागत नाहीं.

याच पट्टीवरून एक गणित करवून घ्यावें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. गच्ची दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असेल तर ती पन्नास चौरस मीटर झाली. तिच्यावर एका दिवसांत वीस मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सहासष्ट बादल्यांहून अधिक पाणी पडलें. वर्षाचा साडेसहाशें मिलिमीटर पाऊस धरला तर साडेबत्तीस हजार लिटर होतात. ज्या घरांत उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो, त्या घरांतील मूल हा आकडा स्वतः काढून वडिलांपुढें ठेवतें, तेव्हां पुढचा प्रश्न तेंच विचारतें: हें पाणी जातें कोठें? शिक्षणाचें काम तेथें अर्धें झालें असें समजावें.

श्रावणाच्या अखेरीस पोळा येतो. मातीचे बैल बाजारांतून आणण्याऐवजीं मुलांनीं ते घरीं घडवावे. त्यासाठीं शेतांतील काळी माती व डोंगराकडील मुरमाड तांबडी माती, अशा दोन जातींची माती मिळवावी. प्रत्येक मातीचे दोन चमचे कांचेच्या बाटलींत पाण्याबरोबर घालून हालवावे व बाटली रात्रभर न हालवितां ठेवावी. वाळू आधीं तळाशीं बसते, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकण मातीचा थर. मुरमाड मातीचा बैल उभा राहण्याआधींच ढांसळतो; काळीचा सुरेख वळतो, पण वाळतांना त्याला भेगा पडतात. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळतांना आकसते, उन्हाळ्यांत शेतें भेगाळतात तें याच कारणानें, हें बैलाचें मोडलेलें शिंग चांगलें समजावून देतें. थोडी वाळू मिसळून भेगा कमी होतात कीं नाहीं, हें मुलांनींच करून पाहावें.

भाद्रपदांत कढीपत्त्याची कुंडी ही एक लहानशी शाळाच होते. लिंबाच्या जातीच्या झाडांवर आणि कढीपत्त्यावर लिंबू-फुलपाखरू पिवळसर, मोहरीएवढें अंडें घालतें. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळीपांढरी दिसते. त्यामुळें पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला गवताच्या काडीनें हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा एक अवयव बाहेर येतो व उग्र वास सुटतो. हें तिचें शस्त्र. पुढें ती काडीला धाग्यानें स्वतःला बांधून कोश करते, आणि आठपंधरा दिवसांत फुलपाखरू बाहेर पडतें. मुलानें रोज एक लहान चित्र काढून त्यांची माळ लावावी. पुष्कळ घरांत अशी अळी दिसतांच पान तोडून फेकतात. चार पानें अळीला दिल्यानें फोडणी अडत नाहीं. उलट घरांतील मूल एका जन्माचें साक्षी होतें.

आश्विन-कार्तिकांत बियांचा संग्रह करावा. पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह करणाऱ्या मुलाला हा छंद लागण्यास वेळ लागत नाहीं. मात्र बिया नांवांप्रमाणें न लावतां त्यांच्या प्रवासाप्रमाणें लावाव्या. रुईचें बीं रेशमी झुबक्यावर बसून वाऱ्यानें जातें. आघाडा व गोखरू येणाऱ्याजाणाऱ्याच्या धोतराला, जनावराच्या अंगाला चिकटून जातात. वडाचें व पिंपळाचें बीं पक्ष्याच्या पोटांतून भिंतीवर जाऊन पडतें. सीताफळाचें बीं गर खाणाऱ्याच्या तोंडांतून बाहेर पडतें. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर तें ज्या हौसेनें वाढतें, त्याची गोष्ट सांगण्यास हा प्रसंग चांगला. चारदोन बिया जुन्या डब्यांत पेरून पाहाव्या. येथें एक सूचना आवश्यक आहे. रुईचा चीक व सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते; म्हणून रुईला मोठ्या माणसानेंच हात लावावा, सीताफळाच्या बिया कुटूं नयेत आणि उद्योग संपतांच हात धुवावे.

मार्गशीर्षांत लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शहरेंच्या शहरें शेतांत जेवावयास जातात. ज्यांचें शेत नाहीं त्यांना शेजारी अगत्यानें बोलावतात. त्या जिल्ह्यांना लागून असलेल्या बीडच्या भागांतहि हें परिचित आहे. अशा निमंत्रणास नकार देऊं नये, आणि मुलांच्या हातीं त्या दिवशीं कोरा कागद द्यावा. कागदाच्या मध्यावर फुली काढून तेथें मूल स्वतः बसलें आहे असें मानावयाचें. डोळे मिटून दहा मिनिटें ऐकावें आणि जो आवाज ज्या दिशेनें व जितक्या अंतरावरून येईल तेथें खूण करावी. हाच आवाजांचा नकाशा दुसऱ्या दिवशीं घराच्या गच्चीवर काढवून दोन्ही शेजारीं ठेवावे. गच्चीवरच्या नकाशांत भोंगे पुष्कळ असतील. पण साळुंकी, बुलबुल आणि पानांआड लपलेला चिमुकला शिंपी हेहि त्यांत सांपडतील, आणि आपल्या घरावर एवढे पक्षी बोलतात याचें मुलाला आश्चर्य वाटेल.

माघ-फाल्गुनांत रंगांचा हंगाम. पळसाचीं गळलेलीं फुलें पाण्यांत उकळलीं म्हणजे केशरी पिवळा रंग मिळतो. हळदीच्या पाण्यांत चुना पडला कीं तें लाल होतें. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर जांभळट डाग पडतो, आणि त्यावर लिंबाचा थेंब सोडतांच तो तांबडा होतो. रंगपंचमीसाठीं याहून निर्धोक रंग बाजारांत मिळणार नाहीं. याच दिवसांत पिंपळाचें पान तीनचार आठवडे पाण्यांत भिजत ठेवावें व मऊ ब्रशानें त्याचा गर काढून टाकावा. मागें उरणारी शिरांची जाळी वाळवून वहींत ठेवली तर वर्षानुवर्षें टिकते. त्या जाळीकडे पाहिलेलें मूल पुढें नकाशांतील नदी व तिच्या उपनद्या पाहून थबकतें; कारण तीच आकृति त्यानें आधीं पानांत पाहिलेली असते.

आतां बिंदुसरेकडे वळणें योग्य. ती बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, शहराचे दोन भाग करीत सिंदफणेस मिळते. सिंदफणा गोदावरीस, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. एका लांब कागदावर हा सारा प्रवास मुलांकडून काढवावा व त्यांत आपल्या घराजवळचा पूल दाखवावा. मग महिन्यांतून एकदां वडील माणसांसह पुलावर उभें राहून पाण्याचा रंग, वास, त्यांतील पक्षी व त्यांतील कचरा यांची नोंद करावी. नदीची दुर्दशा मुलांपासून लपवूं नये. चित्रांतली नदी निळी आणि पुलाखालची काळी कां, हा प्रश्न त्यांना टोंचला पाहिजे. आपल्या दारांतून टाकलेली पिशवी सिंदफणेच्या वाटेस लागते, हें स्वतः काढलेल्या नकाशावर बोट फिरवून समजलेलें मूल सहसा विसरत नाहीं.

पण नुसता खेद मनांत ठेवून मुलाला घरीं पाठवूं नये. माणसानें सृष्टीशीं जुळवून घेतल्याचें उदाहरणहि त्याला दाखवावें. शहराच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्याजवळची खजाना विहीर हें असें उदाहरण आहे. अहमदनगरच्या निजामशाहींत, १५८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें ती बांधविली, आणि राजा भास्कर नांवाच्या स्थापत्यकारानें तिची रचना केली, असें सांगतात. तिच्या तळाशीं भुयारी वाटा आहेत. त्यांतून पाणी विहिरींत यावें आणि दुसऱ्या वाटेनें तें आपोआप खालच्या शेतांकडे जावें, अशी ही योजना. मोट नाहीं, रहाट नाहीं; केवळ जमिनीच्या उताराचा उपयोग. घरीं तिची प्रतिकृति सहज होते. एका परातींत चिकण मातीचा उतार करावा, मध्यें खोलगट विहीर ठेवावी आणि पपईच्या देठाच्या पोकळ नळ्या मातींत पुरून भुयारें करावीं. वरच्या नळींत पाणी ओतलें कीं विहीर भरते आणि खालच्या नळींतून शेत भिजूं लागतें. उतार चुकला तर पाणी जागचें हालत नाहीं. मग मुलें उतार पुन्हां करतात. चारशें वर्षांपूर्वींच्या कारागिरानेंहि हाच विचार केला असेल, हें त्यांच्या ध्यानांत आणून दिल्यावर प्रत्यक्ष विहीर पाहण्यास न्यावें. कठड्यापासून दूर उभें राहून पाहिली तरी ती विहीर आतां त्यांना निराळी दिसेल.

कल्पकतेनें मोठीं माणसेंहि सृष्टीकडे लक्ष वेधूं शकतात, याचा दाखला बीडनेंच दिला आहे. २०२० च्या फेब्रुवारींत शहराजवळ पालवण येथील सह्याद्रि देवराईंत वृक्षसंमेलन भरलें आणि त्याचें अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलें गेलें. साहित्यसंमेलनाचा थाट झाडाला देण्याची ही कल्पना मुलांना विलक्षण आवडण्यासारखी आहे. गल्लींतील मुलांनीं आपल्या चौकांतील एखाद्या झाडाचा असाच वाढदिवस केला, त्याला पताका लावल्या, त्याच्यावर स्वतः रचलेलीं गाणीं म्हटलीं, तर त्यास खर्च कांहींच येत नाहीं. फक्त पताका दोरीनें बांधाव्या. झाडाला खिळा मारूं नये.

शेवटीं आईबापांविषयीं. या कामांत तीन अडचणी बहुधा त्यांच्याचकडून येतात. पहिली, कपडे मळण्याची भीति. आणि ती मुलींच्या बाबतींत अधिक. मुलगा नदीवर जातो, मुलगी गच्चीवर रांगोळी काढते, अशी वांटणी करूं नये; दोघांच्याहि हातांना माती लागूं द्यावी. दुसरी, परीक्षा घेण्याची संवय. मुलाचें चित्र पाहून 'पान असें नसतें' म्हणण्यापेक्षां 'चल, पुन्हां झाडाशीं जाऊन पाहूं' असें म्हणावें. तिसरी, स्वतःच्या अज्ञानाचा संकोच. पक्ष्याचें नांव ठाऊक नसलें कीं वडील विषय बदलतात. अमेरिकेंतील आना कॉम्स्टॉक या विदुषीनें १९११ सालीं शिक्षकांसाठीं निसर्गाभ्यासाचा मोठा ग्रंथ लिहिला. 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणण्यास शिक्षकानें भिऊं नये, हें तिनें त्यांत आवर्जून सांगितलें आहे. जें दोघांनाहि ठाऊक नाहीं तें दोघांनीं मिळून शोधणें, याहून चांगला पाठ नाहीं.

कांहीं पथ्यें मात्र कसोशीनें पाळावीं. गळलेलें वेंचावें, लागलेलें तोडूं नये. घरट्याला हात लावूं नये. जिवंत प्राणी बाटलींत कोंडून ठेवूं नये. अळी पाहावयाची ती झाडावरच. दगड उचलतांना काठीनें उचलावा आणि खालीं साप-विंचू नाहीं याची खात्री मोठ्या माणसानें करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एक उद्योग पुरा झाल्याशिवाय दुसरा हातीं घेऊं नये. बारा उद्योगांची घाई करण्यापेक्षां एका झाडाचीं बारा चित्रें अधिक फळ देतात.

गांव टिकतो तो त्याला ओळखणाऱ्या माणसांमुळें. ज्यानें लहानपणीं गच्चीवरचा पाऊस मोजला, तो मोठेपणीं घर बांधतांना पाण्याला वाट ठेवील. ज्यानें पपईच्या नळ्यांनीं विहीर केली, तो खरी विहीर बुजवूं देणार नाहीं. बिंदुसरेला पुन्हां कोणी नदी म्हणावें असें वाटत असेल, तर आरंभ फार दूरवर करावयाचा नाहीं. येत्या रविवारीं सकाळीं मुलाच्या हातांत एक कागद व एक खडू द्यावा आणि त्याच्याबरोबर दारांतल्या झाडापर्यंत चालत जावें.